कोंबडीखालची जावा

"उचल ते सगळं," हे म्हणाले.

खंडेनवमीची सकाळ होती. सोप्यात पाट मांडून मी ह्यांची हत्यारं ओळीनं लावली होती. लहानमोठे पाने, पक्कड, दोन हातोड्या, टायर काढायच्या पट्ट्या. आदल्या दिवशी बसून एकेक रॉकेलनं पुसलेलं. झेंडूची माळ माझ्या हातात, कुंकवाचा करंडा पुढ्यात, आणि पूजा करणारा माणूस खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसलेला.

"पूजा झाली की उचलते," मी म्हणाले.

"कसली पूजा? आता ही सदाशिवची हत्यारं. दुपारी येऊन घेऊन जाईल तो. शेडची किल्ली पण देऊन टाक त्याला."

सदाशिव म्हणजे स्टँडमागचा दुसरा मिस्त्री. माणूस वाईट नव्हता, पण नट निघाला नाही की त्याला आईबहिणीवरून शिव्या घालायचा. माझ्या नवऱ्यानं नटाला कधी शिवी दिल्याचं मला आठवत नाही. मी पूजेला लागले. प्रत्येक पान्याला कुंकू लावलं, माळ घातली, उदबत्ती ओवाळली. मग सगळं पेटीत भरलं, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुपारी सदाशिव आला तेव्हा त्याला चहा पाजला आणि म्हटलं, "पाडवा झाला की ये. सणात हत्यारं घराबाहेर जात न्हाईत." असली रीत कुठंच नाही. मी ती चहा गाळता गाळता काढली होती.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. गडहिंग्लजमध्ये तेव्हा बसू मिस्त्री म्हटलं की पत्ता सांगावा लागत नसे. लोक संकेश्वरावरून, आजऱ्यावरून बंद पडलेल्या गाड्या टेम्पोत घालून ह्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणत. त्या वर्षी मार्चमध्ये, कारखान्याच्या रस्त्यावर कुणाची तरी मोटारसायकल बघत असताना उसाची ट्रॉली मागं सरकली आणि ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पुढं एका शिबिरात रबराचा पाय मिळाला. तो बांधून हे घरातल्या घरात चालत. उंबऱ्याबाहेर मात्र पडत नसत, आणि जमिनीवर तर कधीच बसत नसत. खाली बसलं की उठायला दुसऱ्याचा हात लागतो, म्हणून. आमच्या घरात 'पाय' हा शब्दच कुणी काढत नव्हतं. दुखतंय का, असं विचारायचं झालं तर "तिकडं दुखतंय का?" म्हणायचं. मला त्याची इतकी चीड यायची, पण मीसुद्धा "तिकडं"च म्हणायचे.

थोरल्या दिरांनी, मल्लाप्पादादांनी, अकरा वेळा कोल्हापूरला खेटे घालून ह्यांच्या नावानं टेलिफोनचा बूथ मंजूर करून आणला होता. तेव्हा अपंगांना ते बूथ मिळत. स्टँडसमोर पिवळी पाटी लागली, काचेचं खोकं उभं राहिलं, आत एक फिरती खुर्ची आली. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी दहाला नारळ फोडायचा, असं ठरलं.

"सावलीत बसंल, चार माणसं भेटतील," दादा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. आणि हेही "व्हय" म्हणाले. मला त्या "व्हय"चीच भीती वाटली. पंधरा वर्षांच्या संसारात ह्या माणसानं एका दमात कशालाच व्हय म्हटलं नव्हतं.

दसऱ्याचं सोनं वाटायच्या निमित्तानं मी डॉक्टर बारदेस्करांकडं गेले. ते जनावरांचे डॉक्टर, नोकरीतून निवृत्त होऊन तेव्हा आठदहा वर्षं झालेली. आमच्या म्हशीला बघायला ते एका मरून रंगाच्या जावा मोटारसायकलवरून यायचे. ती गाडी आता त्यांच्या परसात, पेरूच्या झाडाखाली होती. टाकीचा रंग उडून गंज धरलेला, टायरं मातीत रुतलेली, आणि फाटक्या सीटच्या खळग्यात एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"डॉक्टर, ही मला द्या," मी म्हणाले.

"कोंबडी?"

"गाडी."

"अगं, ती गाडी राहिली नाही आता. खुराडं झालंय तिचं."

"चाकं हाईत न्हवं?"

"चाकं आहेत. पण तू काय करणार तिचं?"

"मिस्त्रीच्या बायकोनं गाडीचं काय करायचं असतंय?"

"मग माझ्याकडं दुसरी आहे की. पोराची बुलेट पडून आहे शेडात, हिच्यापेक्षा किती तरी बरी. ती ने."

"ती नको. हीच."

डॉक्टर गाडीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "हुशार आहेस," म्हणाले. "ने. फक्त कोंबडीला तूच उठवायचं. मला चोचवते ती."

मी लिंगायताची लेक. कोंबडीला हात लावायची वेळ जन्मात पहिल्यांदा आली. बुट्टीत पेंढा घातला, एकेक अंडं उचलून ठेवलं, आणि शेवटी डोळे मिटून त्या बाईला दोन्ही हातांनी उचललं. तिनं मनगटाचं मांस काढलं. अजून खूण आहे.

हातगाडीवर घालून जावा आमच्या गल्लीत आली तेव्हा सगळी गल्ली ओट्यावर. "वैनी, दसऱ्याला सोनं आणत्यात, तुम्ही भंगार आणलासा?" असं एकानं विचारलंसुद्धा. दादा समोरच राहायचे. ते बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळू आवाजात म्हणाले, "महादेवी, जखमंवर मीठ चोळतीस काय त्याच्या? किक कोण मारणार हिला?"

"मी मारीन," मी म्हणाले.

"तू?"

"मी न्हाई तर तुम्ही या मारायला."

हे दारात आले होते. काठी टेकून उंबऱ्याच्या आतच उभे राहिले. त्यांनी गाडी बघितली, वरपासून खालपर्यंत, मग मला बघितलं, आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. दोन दिवस माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. मीही बोलले नाही. भाकरी थापताना जरा जोरात थापत होते इतकंच.

तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते. परसात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग हाक आली.

"किल्ली दे."

"कसली किल्ली?"

"माहीत नसल्यागत करू नको."

मी राखेचे हात तसेच कमरेशी नेले आणि किल्ली काढून दिली.

अट एकच होती. परसाचं दार बंद ठेवायचं, कुणाला आत घ्यायचं नाही. हे स्टुलावर बसून काम करत आणि खालची कामं मी करायची. इंजिन गच्च धरलं होतं. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेल ओतून तीन दिवस तसंच ठेवलं, चौथ्या दिवशी लाकडी ठोकळ्यानं हळू हळू ठोकून पिस्टन सोडवला. टाकीत मूठभर बारीक खडी आणि रॉकेल घालून मला दिली, "हलव." मी ती मांडीवर घेऊन ताक घुसळावं तशी अर्धा दिवस हलवली. आतून विटकरी पाणी आलं, मग पिवळं, मग स्वच्छ. सायलेन्सर काळ्या काजळीनं बुजलेला. तो चुलीत घातला तेव्हा असा धूर झाला की शेजारीण बादली घेऊन दारात आली. तिला मी म्हटलं, "फराळाचं तळण जळलं." दिवाळीला अजून दहा दिवस होते. तिनं विश्वास ठेवला नाही आणि मीही तशी अपेक्षा केली नाही.

हे बोलत नसत फारसं. पण एकदा कार्बोरेटर पुसताना स्वतःशीच शीळ घालताना मी ऐकलं. मार्चपासून ऐकली नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले आणि परत येऊन विचारलं, "पाना कुठला देऊ?"

एक गोष्ट मात्र मला कळेना. डाव्या मुठीवरची क्लचची दांडी त्यांनी सोडवली आणि तिची तार लांब करून मागच्या चाकाकडं नेली. "हे काय?" म्हटलं तर म्हणाले, "बघ तू नुसतं."

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा दादा आले. परसाचं दार मी लोटून घेतलं आणि बाहेरच उभी राहिले.

"महादेवी, मला आत न्हाई सोडलंस तरी चालंल," ते म्हणाले. "पण ऐकून घे. त्या दिवशी ट्रॉलीखालनं मी उचललाय त्याला. ह्या हातांनी. दवाखान्यापातूर माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. तवा एकच मागितलं मी देवाकडं, की वाचू दे, मी त्याला आता एका जागी सुखानं बसवतो. आणि तू त्याला परत त्याच रस्त्यावर काढतीस."

"दादा, तुम्ही केलंसा ते मी मरेपातूर इसरायची न्हाई."

"मग?"

"पण त्यांस्नी जन्मभर काचंच्या खोक्यात ठेवायला मी तयार न्हाई. बूथ मी बघीन. नंबर फिरवायला मला येतंय. त्यांची शेड त्यांस्नी पाहिजे."

"आणि पडला तर?"

"पडू दे की! पडल्यावर उठायचं असतंय, एवढं त्यांस्नी ठाऊक हाय."

दादांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू पाठच्या बहिणीनं थोबाडीत मारली असावी. मग निघून गेले. पण मी बोललेला एक शब्द मला मागं घ्यावासा वाटला नाही.

कोल्हापुराहून पिस्टनच्या नव्या रिंगा एसटीच्या पार्सलनं आल्या त्या लक्ष्मीपूजनाच्या दुपारी. संध्याकाळपर्यंत इंजिन जोडून झालं. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला, ह्यांनी हातानं दांडी फिरवली, आणि निळी ठिणगी पडली. चट्‌. हे तिच्याकडं बघत राहिले.

"आता मारा की किक," मी म्हणाले.

"उद्या. पाडव्याला. पेट्रोलमध्ये तेल मिसळून ठेव, मी सांगितलंय तेवढंच."

आता माझी चूक सांगते. पाडव्याला पहाटे उठून मी घरातल्या सगळ्यांना उटणं लावून ऊन पाण्यानं अंघोळ घातली. नवऱ्याला ओवाळलं. मग मनात आलं, गाडीनं काय पाप केलंय? आमच्याकडं पाडव्याला गाडी धुऊन पुजायची रीत आहेच. बंबात दोन बादल्या पाणी उरलं होतं. हे आत कपडे घालत होते तेवढ्यात मी जावाला डोक्यावरून पाणी घातलं, अगदी लेकराला घालावं तसं. इंजिनाच्या कानाकोपऱ्यात तांब्यातांब्यानं. पुसलं, हळदकुंकू लावलं, हँडलला माळ घातली. आणि भलतीच खूश होऊन गाडी पुढच्या दारी गल्लीत आणून उभी केली.

साडेनवाला दादा नारळ घेऊन आले. ह्यांना बूथवर न्यायला रिक्षा सांगितली होती. मागून गल्लीतली दहाबारा माणसं. सदाशिवही होता, किल्लीच्या आशेनं. हे उंबरा ओलांडून बाहेर आले. पांढरा सदरा, पांढरी विजार, हातात काठी. आठ महिन्यांनी गल्ली त्यांना उंबऱ्याबाहेर बघत होती. काठी त्यांनी माझ्याकडं दिली आणि गाडीवर बसले.

"मिस्त्री," सदाशिव म्हणाला, "किक वैनी मारणार न्हवं?"

कुणीतरी हसलं.

हे हसले नाहीत. रबराचा पाय त्यांनी उजवीकडं जमिनीवर घट्ट रोवला. डाव्या पायानं गियरची दांडी आत दाबून वर फिरवली. जावाची किक डाव्या बाजूला असते. गियरची दांडी तीच किकची दांडी. दुसऱ्या गाड्यांची किक उजव्या पायानं मारायची, हिची डाव्या. आणि गियर दाबला की क्लच आपोआप सुटतो, म्हणून डावा हात मोकळा. त्या मोकळ्या हातात ह्यांनी मागचा ब्रेक आणून ठेवला होता, जो एरवी उजव्या पायाखाली असतो. ह्या गाडीला उजव्या पायाचं काही कामच उरलं नव्हतं.

सदाशिव मिस्त्री होता. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ह्यांनी किक मारली. काही नाही. दुसरी. तिसरी. आठवी. नवव्या किकेला गाडी उजवीकडं कलली, हेही कलले, दोघंतिघं धावले.

"हात लावू नका!" हे ओरडले. मांडीनं गाडी सावरून परत सरळ केली. कपाळ घामानं डबडबलेलं. मग नाक खाली नेऊन त्यांनी इंजिनाचा वास घेतला, बोट फिरवलं, आणि माझ्याकडं बघितलं.

"हिला धुतली कुणी?"

"मी."

"किती?"

"दोन बादल्या. ऊन पाण्यानं."

"उटणं लावलंस?"

गल्ली खो खो हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दादा पुढं झाले. "बस झालं बसवंता. दहा वाजायला आले. रिक्षात बस. गाडीचं सदाशिव बघंल."

हे गाडीवरून उतरले. गाडी स्टँडवर लावली. उजव्या अंगाचं झाकण उघडायचं होतं, पाणी तिथं आत गेलेलं. त्यासाठी खाली बसायला हवं होतं, आणि परसातलं स्टूल परसात होतं. मी आणायला वळले.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले.

आणि सगळ्या गल्लीसमोर, पांढऱ्या विजारीनिशी, रस्त्याच्या धुळीत हे खाली बसले. पाय आडवा येत होता. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत वर केली, पट्टे सोडले, रबराचा पाय काढला आणि वर हात करून म्हणाले, "दादा, धरा जरा."

दादांच्या एका हातात बूथचा नारळ होता. दुसऱ्या हातात त्यांनी तो पाय धरला. आठ महिने आम्ही सगळ्यांनी ज्याचं नाव काढलं नव्हतं ते आता उन्हात, दादांच्या हातात होतं, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

"महादेवी, पेचकस."

मी पेटी आणून उघडली. माझा नवा पदर त्यांनी न विचारता ओढला आणि त्यानं आतलं पाणी टिपलं. पॉलिश पेपरचा तुकडा घालून ठिणगीचे पॉइंट घासले, फुंकर मारली, परत टिपलं. पदराला काळा डाग पडला. ते लुगडं मी अजून ठेवलंय, धुतलेलं नाही. झाकण लावलं, मग वर बघून हात पुढं केला. "द्या." दादांनी पाय दिला. दादाच खाली वाकले आणि पट्टा ओढायला लागले, तर हे म्हणाले, "तेवढं मला येतंय. उठताना हात द्या." दादांनी हात दिला.

हे परत गाडीवर बसले. "बस मागं," मला म्हणाले.

"आधी चालू तर हू दे."

"बस म्हटलं न्हवं?"

मी बसले. आम्ही बायका बसतो तशी, एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडं सोडून. आणि बसल्याबरोबर मला माझा मामा आठवला. हलकर्णीच्या बाजाराला तो मला त्याच्या जावावर मागं बसवून न्यायचा. मी परकर सावरून अशीच डावीकडं पाय सोडून बसायची, आणि दर वेळी किक मारायच्या आधी तो मागं न बघता ओरडायचा, कारण किकेची दांडी फिरून माझ्या पावलांवर यायची. मोटारसायकलीतलं मला तेवढंच कळत होतं. खंडेनवमीला कुलूप लावताना तेच मला आठवलं होतं, आणि पेरूच्या झाडाखाली डॉक्टरांना तेच कळलं होतं. ह्यांना तर गाडी बघितल्याबरोबर कळलं होतं. नाही म्हणायला सबब उरली नव्हती, म्हणून ते दोन दिवस भिंतीकडं तोंड करून बसले होते.

ह्यांनी दांडी आत दाबून वर फिरवली. मान जराशी माझ्याकडं वळवली. आणि शेवटच्या ओट्यावरच्या म्हातारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"महादेवी, पाय आवर."

मी आवरले. किक बसली, आणि गाडी सुरू झाली.